कोरडा कान

कान चार दिवसांपासून कोरडा आहे, असं नव्या डॉक्टरनं बायनाबाईच्या कागदावर लिहिलं होतं. त्रिंबकनं संगणकावर 'सुधारणा' या शब्दापुढे खूण केली, कागद पालथा ठेवला आणि पुढचा उचलला. तो कुणाच्या तरी मोडलेल्या मनगटाचा होता. मनगटाचा आकडा त्याला पाठ होता, तरी बोटं तशीच थांबून राहिली. गुरुवारची दुपार होती. दसरा नुकताच झालेला, पण ऊन चैत्रातलं असावं तसं खिडकीतून आत येऊन टेबलावर पसरलं होतं. त्याला वाटलं, कसला तरी वास यायचा थांबलाय. वास आला असं नव्हे. असलेला वास गेला, असं. त्यानं खोलीभर पाहिलं. फायली, पंखा, भिंतीवरचं कारखान्याचं कॅलेंडर. सगळं जागच्या जागी होतं, आणि तरी शेजारी निजलेलं कुणी उठून जावं तशी त्याची उजवी बाजू उघडी पडली होती.

माजलगावच्या या सहकारी दवाखान्यात तो सव्वीस वर्षं रेकॉर्ड सांभाळत होता. कारखाना भरात असताना सभासदांसाठी बांधलेला दवाखाना. आता कारखान्याचं धुराडं दोन हंगाम थंड होतं, कारण ऊसच नव्हता, पण दवाखाना सरकारी योजनेच्या आधारावर चालला होता. त्रिंबकचं काम असं, की डॉक्टरांनी कागदावर आजार लिहायचा आणि त्यानं एका जाड पुस्तकातून त्या आजाराचा आकडा शोधून कागदाच्या कोपऱ्यात लिहायचा आणि संगणकात चढवायचा. साऱ्या जगात त्या आजाराला तोच आकडा. सुरुवातीला त्याला याचं फार नवल वाटायचं. गेवराईच्या बाईचं दुखणं समुद्रापलीकडचा माणूस नुसत्या आकड्यावरून ओळखेल, मग ती बाई त्याला दिसेल का, असं तो जेवताना मनात म्हणायचा. पुढं नवल संपलं, आकडे राहिले. योजनेची मंजुरी त्यांच्यावरच ठरे, कुणाला नुसते थेंब आणि कुणाला ऑपरेशन. कान एच या अक्षराखाली येई. जुनाट वाहत्या कानाचा आकडा एच सहासष्ट. पुढं टिंब एक असेल तर पडद्याला मधोमध भोक, सर्दीबरोबर वाहणारा, त्रासाचा पण बिनधोक कान. टिंब दोन असेल तर भोक वरच्या कोपऱ्यात, तिथं पांढरे पापुद्रे साठत जातात आणि वर्षानुवर्षं, न बोलता, शेजारचं हाड खातात. नव्या डॉक्टरनं नुसतं 'जुनाट वाहणारा कान' एवढंच लिहिलं होतं. अशा वेळी कागद परत पाठवून विचारायचं असतं. त्रिंबकनं विचारलं नव्हतं. टिंब एक टाकून दिलं होतं, कारण बहुतेकांचे कान तसेच असतात.

त्यानं कागद पुन्हा सुलटा केला. बायनाबाई सुग्रीव, वय तीस, ऊसतोड मजूर, मुक्काम दिंद्रुड. डावा कान लहानपणापासून वाहतो, घाण वास. चार दिवसांपासून कोरडा. डोकं दुखतं, दोनदा उलटी, झोप फार, उन्हामुळे असावं. थेंब आणि गोळ्या. तारीख कालची. अक्षर गिचमिड होतं, तरी त्रिंबकला ते वाचावं लागलं नाही. ते त्याला येत होतं. डोकं, उलटी, झोप, हा क्रम कुणी तरी कानाशी पुटपुटत असल्यासारखा त्याच्या आत पुढं पुढं सरकत गेला, आणि मग त्याला कळलं की वास कुणाचा थांबला होता. केसरचा.

त्र्याहत्तर साली, दुष्काळात, चकलांब्याच्या शिवारात पाझर तलावाचं काम चाललं होतं आणि सगळं गाव तिथं माती वाहत होतं. त्रिंबक सहा वर्षांचा, त्याची बहीण केसर अकराची. पालात एकाच वाकळीवर दोघं निजायची, ती त्याच्या उजव्या हाताला. तिचा कान वाहायचा. त्या कानाला सडक्या पाण्याचा, ओल्या चामड्याचा असा वास होता, आणि बाकीची पोरं तिच्यापासून लांब बसायची, पण त्रिंबकला तो वास म्हणजे झोप होती. तो आला की डोळे मिटायचे. माय रोज गोडं तेल कोमट करून कापसाच्या बोळ्यानं कानात पिळायची. मग एका रात्री वास आला नाही. त्याला झोप लागेना. त्यानं चाचपून पाहिलं तर केसर तिथंच होती, तापलेली, पण जणू दुसरंच कुणी येऊन निजलं होतं. सकाळी मायनं बोळा काढून बघितला, तो पांढरा स्वच्छ. माय हरखली. "वाळला गं बाई कान, सुटलीस," असं म्हणून तिनं केसरच्या कपाळावरनं हात फिरवून बोटं मोडली. त्या दिवसापासून केसर उजेडाकडं बघेना. रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी खाल्ली की ओकायची. तिसऱ्या दिवशी मातीची पाटी तशीच टाकून भरावाच्या सावलीला जाऊन निजली. कारकून हजेरी घेत येत होता. माय धावत गेली, "ऊठ गं, कावून आशी करतीस, नाव काटतील," असं म्हणत तिनं तिला दोनदा हलवलं, आणि ती उठेना तेव्हा एक थापड मारली. कानशिलावर, त्याच बाजूला. केसरनं डोळे उघडले. तिनं मायकडं पाहिलं नाही, त्रिंबककडं पाहिलं, फार लांबून पाहावं तसं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. ताप डोक्यात गेला, असं लोक म्हणाले. त्यानंतर घरात केसरचं नाव निघालं नाही, आणि मायनं पुन्हा कुणावर हात उगारला नाही, बैलावरसुद्धा.

त्रिंबक उठला. वऱ्हांड्यात बाकांवर माणसं पाण्याच्या बाटल्या मांडीत धरून बसली होती आणि त्यांच्यामधून चालताना त्याला आपण फार हळू चालतोय असं वाटत राहिलं, पाण्यातून चालावं तसं. कान-नाक-घशाच्या डॉक्टर तौर मॅडम बीडहून दर गुरुवारी यायच्या. त्या एका म्हाताऱ्याच्या कानात दुर्बीण लावून वाकल्या होत्या. त्रिंबक दारात उभा राहिला. सव्वीस वर्षांत तो कधी कागद घेऊन डॉक्टरकडं स्वतः आला नव्हता, शिपाई यायचा.

"काय त्रिंबकराव?"

"मॅडम, एक विचारायचंय. वाहता कान आपसूक कोरडा झाला आणि मग डोकं दुखाय लागलं, तर ते बरं होणं म्हणायचं का?"

तौर मॅडमनी दुर्बीण बाजूला केली. "कुणाचा कान?"

त्यानं कागद दिला. त्यांनी तो एकदा वाचला, मग उभ्यानं पुन्हा वाचला. "बरं होणं नाही हो हे. आतली वाट बुजली की कान कोरडा दिसतो. पू तिथंच असतो, तो दुसरीकडं वाट काढतो. मागच्या हाडात, नाहीतर वर, मेंदूकडं. कानामागं सूज होती का? हात लावून पाहिलंय का कुणी?"

"तसं लिहिलं न्हाई."

"कुठाय ही बाई?"

"दिंद्रुडची हाय. टोळीवाली. आज-उद्या ट्रक निघतील त्यांचे, पार कोल्हापूरकडं."

"फोन लावा."

फोन बंद होता. तौर मॅडमनी घड्याळ पाहिलं. "मी पाचपर्यंत आहे. आणता आलं तर आजच आणा तिला. कोल्हापूरला पोचेपर्यंत काय होईल ते मी सांगू शकत नाही." आणि मग, कागद परत देताना, सहज, "टिंब एक कुणी टाकलं?"

"मीच," तो म्हणाला.

मोटारसायकलवर वारा तोंडावर भट्टीतल्यासारखा येत होता. डावीकडं धरणाचा तळ उघडा पडला होता, मैलभर भेगाळलेला गाळ, आणि त्यात कधीकाळी बुडालेल्या वस्तीची जोती वर आलेली. त्या जोत्यांमधून कुणी बाई डोक्यावर घागर घेऊन चालली होती आणि ती नेमकी कोणत्या काळातून चाललीय हे त्याला क्षणभर सांगता आलं नसतं. आपण चकलांब्याला चाललोय की दिंद्रुडला, हेही. एकदा त्याला वाटलं, वेळेवर पोचलो तर भरावाच्या सावलीला केसर असेल, आणि आपण मायच्या आधी जाऊन बसू तिच्यापाशी. मग टँकर भोंगा वाजवत समोरून आला आणि तो रस्त्याच्या कडेला गेला. सव्वीस वर्षांत किती टिंब एक टाकले असतील, असा विचार त्याच्या मनात आला. त्या सगळ्या कानांची माणसं आत्ता कुठं निजली असतील. हा विचार त्याला पुढं नेता येईना, म्हणून तो नुसता रस्ता बघत राहिला.

दिंद्रुडच्या फाट्यावर दोन ट्रक उभे होते. पत्र्याच्या पेट्या, भांड्यांची गाठोडी, चिपाडाच्या झोपडीसाठी लागणारे बांबू, कोंबड्या टोपलीखाली. माणसं चढत होती. मुकादम ट्रकच्या पायरीवर उभा राहून नावं घेत होता. पंडित त्याचं नाव. त्रिंबकनं बायनाबाईचं विचारलं तेव्हा त्यानं हनुवटीनंच ट्रकखाली दाखवलं. ट्रकच्या सावलीत एक बाई तोंडावर पदर घेऊन निजली होती आणि तिचा नवरा सुग्रीव चाकाला टेकून बसला होता.

"दवाखान्यातनं आलोय," त्रिंबक म्हणाला. "बाईला परत न्यायचंय. आताच."

"आन काल तर बरं हाय म्हनले की!" सुग्रीव उठून उभा राहिला. "कान वाळला, आता भ्याव न्हाई, आसं त्या डाक्टरनं सोता सांगितलं."

"आरं बे सुग्रीव, चढ वर," मुकादम वरून ओरडला. "हे सरकारी मानसं काय, आज एक बोलत्यात, उद्या एक. एक कोयता मोडला तर मी तिकडं काय सांगू?" कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एक गेलं की दुसऱ्याचंही काम उभं राहतं.

त्रिंबक खाली बसला. त्यानं पदराला हात लावला नाही, पण वाऱ्यानं तो थोडा सरकला होता आणि त्याला दिसलं. तिचा डावा कान उजव्यासारखा डोक्याला लागून नव्हता. मागून कुणी बोटानं पुढं ढकलावा तसा तो बाहेर आला होता आणि जरा खाली उतरला होता. त्यामागची कातडी तुकतुकीत, लाल. असा कान त्यानं पूर्वी पाहिला होता, फक्त तेव्हा आपण काय पाहतोय हे त्याला ठाऊक नव्हतं.

"सुग्रीवभाऊ," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच वेगळा वाटला, "कालचा तो कागद म्या भरला. बरं हाय असं म्याच लिहिलं. ते चुकलं माझं. माझ्या बहिनीचा कान असाच वाळलाता. आमाला वाटलं बरी झाली. चार दिसांत गेली ती."

मुकादम नावं घ्यायचा थांबला. टोपलीखाली कोंबडी खुडखुडली. सुग्रीव एकदा ट्रककडं, एकदा त्रिंबककडं बघत राहिला आणि काही ठरवता न येणाऱ्या माणसासारखा डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधू लागला. तेव्हा पदराखालून बाई बोलली. डोळे मिटूनच.

"दोन दिस सांगतीय मी. आधी कानात जातं फिरल्यावानी व्हायचं. आता ते कानात न्हाई, डोस्क्यात फिरतंय. भाऊ, मला उठवा. उजेड लई खुपतोय."

सुग्रीवनं तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. मुकादम पायरीवरून उतरला, त्यानं त्यांची पेटी ट्रकमधून काढून फाट्यावरच्या हॉटेलवाल्याकडं ठेवली. मग एवढंच म्हणाला, "बरी झाली की फोन कर बे." मोटारसायकलवर त्रिंबक पुढं, मध्ये बाई, मागं तिला धरून सुग्रीव. तिचं कपाळ त्रिंबकच्या पाठीला टेकलं होतं आणि सदऱ्यातून ताप आत उतरत होता. वाटेत दोनदा थांबावं लागलं. दुसऱ्या वेळी ओकून झाल्यावर ती रस्त्याच्या कडेला तशीच बसून राहिली, निजते म्हणाली, आणि त्रिंबक तिला हलवायला पुढं झाला. त्याचा हात हवेतच राहिला. कितीतरी वेळ राहिला असं त्याला वाटलं. सुग्रीवनंच तिला काखेत धरून उचललं.

तौर मॅडमनी कानामागं बोट ठेवताच बाई ओरडली. दुर्बिणीतून त्यांनी वरच्या कोपऱ्यातलं भोक पाहिलं, त्याच्या तोंडाशी दाटलेले पांढरे पापुद्रे पाहिले, मान वाकवून पाहिली, ती कडक होती. त्यांनी तिथंच शिरेतून औषध सुरू केलं आणि रुग्णवाहिकेतून तिला स्वतःबरोबर बीडला नेलं. तिथल्या स्कॅनच्या चित्रात दिसलं की कानामागचं हाड पोखरलंय आणि मेंदूच्या आवरणाबाहेर पू साठलाय. शुक्रवारी सकाळी त्यांनी हाड कोरून उघडलं, पू काढला, सगळे पापुद्रे खरवडून काढले. हे सारं त्रिंबकला फोनवरून कळत गेलं. तो माजलगावात आपल्या खुर्चीवर बसून मंजुरीचे कागद करत होता. टिंब एक खोडून टिंब दोन. मग जी सहा टिंब शून्य, कवटीच्या आतला पू. पुस्तकात त्या आकड्याखाली बारीक अक्षरात पोटभेद छापलेले असत. त्यांवरून त्याची नजर हजारदा गेली असेल. त्यात एक शब्द होता, अर्थ 'कानापासून झालेला'. त्यानं त्यावर बोट ठेवलं. म्हणजे हे जगात कुठंतरी लिहिलेलं होतं. केव्हापासून लिहिलेलं होतं. कुणा परक्या माणसांनी एका खोलीत बसून चकलांब्याच्या भरावावरची ती दुपार लिहून ठेवली होती आणि ती त्याच्याच टेबलावर पडून होती.

पुढच्या गुरुवारी तौर मॅडम आल्या तेव्हा बायनाबाई उठून बसत होती, जेवत होती. त्या कानानं आता ऐकू येणार नाही, पण जीव वाचला. "वेळेवर आणलंत," त्या म्हणाल्या. त्रिंबक तिथंच घुटमळला.

"मॅडम, अशा दुखण्यात कुणी कानाखाली मारली तर? त्यानं काही होतं का?"

त्यांनी मान वर केली. "नाही. पू आधीच आत गेलेला असतो. थापड मारली काय, न मारली काय."

"आणि त्र्याहत्तर साली? तेव्हा काही करता आलं असतं?"

"पेनिसिलिन होतं की. हाड उघडायचं ऑपरेशन तर त्याच्याही कितीतरी आधीचं. औरंगाबादला पोचली असती तर बहुतेक..." त्या मध्येच थांबल्या. "कोण होतं तुमचं?"

"बहीण."

पुढच्या पेशंटला त्यांनी लगेच आत बोलावलं नाही.

रविवारी तो चकलांब्याला गेला. माय, सुंदरबाई, ऐंशीच्या घरातली, धाकट्या भावाच्या ओसरीवर मुगाच्या शेंगा सोलत होती. यंदा मूग कसला, मूठभर. भाऊ-भावजय शेतात गेली होती. त्रिंबक तिच्यापुढं बसला आणि शेंगा सोलू लागला. बायनाबाईची सगळी हकीकत त्यानं सांगितली, सावकाश, कुणा लांबच्या बाईची सांगावी तशी. कान वाळला, डोकं दुखलं, ओकारी, झोप. मायची बोटं हळू होत गेली. शेवटी थांबली. ओसरीच्या कडेला ऊन आलं होतं, त्यात भुसा उडत होता.

"माय," तो म्हणाला, "मी डाक्टरीनबाईला विचारलं. केसरला हेच झालंतं. पू आधीच डोक्यात गेलता. तुझ्या मारन्यानं काई झालं न्हाई."

बेचाळीस वर्षांनी ते नाव त्या घरात उच्चारलं गेलं होतं. मायनं ते जणू दुसऱ्या कुणी हाक मारल्यासारखं दाराकडं बघून ऐकलं. मग ती हातातल्या शेंगेकडं पाहत म्हणाली, "तुला कुनी सांगितलं म्या मारलंतं?"

"मी बघितलं हुतं."

"बघितलं हुतंस," ती म्हणाली. त्याचाच तिला जास्त विचार करावा लागतोय असं दिसलं. "इतके दिस... आन बोलला न्हाईस."

"तू बी बोलली न्हाईस."

"तिला झोप येत हुती. लई झोप येत हुती लेकराला." तिनं पदर डोळ्यांना लावला नाही. डोळे कोरडेच होते. "मंजी माझ्या हातानं न्हाई."

"न्हाई, माय."

त्याला वाटलं संपलं, आता ती रडेल किंवा उठून पाणी आणायला जाईल. पण तिचं म्हातारं, नीट चालणारं डोकं आपल्या वाटेनं पुढं जात होतं, आणि ओसरीवर बसल्यापासून तो जो प्रश्न टाळत होता तो तिनंच विचारला.

"मंग ही बाई वाचली तशी ती वाचली आसती का? कुटं मोठ्या दवाखान्यात नेली आसती तर?"

औरंगाबादला तेव्हाही बस जात होती. गेवराईहून. तलावावर येणारी खडीची गाडी गेवराईला रिकामी परतायची, तिच्यात लोक बसून जायचे. हे दोघांनाही माहीत होतं. सव्वीस वर्षांत त्रिंबकनं डॉक्टरांनी न लिहिलेलं काही जाणूनबुजून लिहिलं नव्हतं. एक टिंब आळसानं टाकलं तर त्याला आठवडाभर जेवण गेलं नव्हतं. त्यानं सुपातल्या मुगाकडं पाहिलं.

"न्हाई," तो म्हणाला. "तवा आवशिदच न्हवतं त्याच्यावर. कुटंच न्हवतं. हे सगळं आता आता निघालंय."

माय त्याच्याकडं बघत होती. तिनं त्याला जन्म दिला होता, उपाशी पोटी माती वाहून वाढवलं होतं, आणि त्याचा चेहरा तिला वाचता येत होता तसा जगात कुणालाच येत नव्हता. तिनं हात पुढं केला आणि त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"खाली नगं बघू," ती म्हणाली. "माज्याकडं बघ. आन आजून एकदा सांग."

त्रिंबकनं मान वर केली, तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि पुन्हा सांगितलं.